बाईंच्या गाडीत हवा

“चोरा! गॅस भरतो म्हणालास आणि हवा भरतोयस? माझ्या गाडीत हवा?”

आवाज बाईंचा होता. बाईंनी पापडीजवळच्या आमच्या शाळेत तीसेक वर्षं विज्ञान शिकवलं आणि तेवढी वर्षं त्या शाळेला घंटेची गरज पडली नाही. पहिल्या तासाला त्या ‘बसा’ म्हणाल्या की शेजारच्या वाडीत केळीचे घड कापणारे गडीसुद्धा कोयता ठेवून बसायचे. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण आवाजाला गंज नाही. गोखिवऱ्याच्या माझ्या गाळ्यात त्या ओरडल्या तेव्हा समोरच्या टपरीवर पाच माणसांचे पाच ग्लास ओठांपाशी थांबले, पलीकडच्या कारखान्यातलं प्रेस मशीन एक ठोका चुकलं, आणि तुंगारेश्वराच्या डोंगरावरची माकडं झाड बदलून बसली. माकडांचं मला नंतर कळलं. कळवणारा मीच होतो, पण तो भाग वेगळा.

मी त्या वेळी बाईंच्या गाडीच्या बॉनेटखाली कमरेपर्यंत वाकलेला. दचकून वर आलो ते बॉनेटवर डोकं आपटूनच. टेंगूळ आलं. चोर म्हणून घेतलं ते घेतलं, वर टेंगूळ!

आता मला सांगा, वीस वर्षं गाड्यांचे एसी दुरुस्त करणाऱ्या माणसाने हे ऐकून घ्यायचं? आमच्या धंद्यात चोर नाहीत असं मी म्हणत नाही. भरपूर आहेत. हायवेच्या कडेला छत्री लावून बसतात. गाडी आली की दोन नळ्या जोडतात, फुस्स करून गॅस सोडतात आणि ‘झालं साहेब’ म्हणतात. गॅस गेला कुठून, का गेला, आत काय शिरलं, काही बघायचं नाही. अशांना लोक हसतमुखाने ‘थँक्यू भाऊ’ म्हणतात. आणि मी, जो एका गाडीला अर्धा दिवस देतो, तो चोर!

कारण सांगतो. एसीच्या नळ्यांतला गॅस गळून गेला की रिकाम्या जागी हवा शिरते. वसईची हवा म्हणजे काय, निम्मं पाणीच. मे महिन्यात आमच्याकडे शर्ट दोरीवर वाळत घातला तर संध्याकाळी धुतल्यापेक्षा ओला निघतो. ही ओली हवा आत राहिली आणि वरून गॅस भरला, तर त्यातलं पाणी आत बारीक भोकाशी गोठतं, वाट तुंबते आणि एसी गरम हवा फेकायला लागतो. म्हणून आधी गळती बंद करायची, मग नळ्यांतली हवा पंपाने ओढून काढायची, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत, आणि मगच गॅस. ह्या ओढण्याला आम्ही व्हॅक्युम मारणं म्हणतो. हे मी करतो. प्रत्येक गाडीला करतो. आमच्या पाद्रींच्या गाडीला केलं तसंच कोंबड्या वाहणाऱ्या टेम्पोला केलं, कोंबड्यांना एसी नव्हता तरी.

तर माझा विजेचा पंप त्या आठवड्यात जळाला होता. आमच्याकडची वीज कधी येते, कधी जाते, आणि कधी येते तेव्हा दुप्पट येते. पंप दहा किलोचा, घरघर आवाज करणारा, बघताच माणसाला वाटावं की इथे काहीतरी गंभीर चाललंय. त्याच्या जागी मी हवेवर चालणारा पंप आणला. हा तळहाताएवढा. मोटर नाही, तेल नाही, वायर नाही. एका तोंडाला कॉम्प्रेसरची हवा द्यायची, ती जोरात आरपार जाऊन दुसऱ्या तोंडातून सुटते, आणि जाता जाता बाजूच्या नळीतली हवा स्वतःबरोबर ओढून नेते. बस, इतकंच. पण लोकांना यंत्राच्या वजनावर विश्वास! ते घरघरणारं धूड होतं तोवर मी ‘एसीवाले सर’ होतो. हे पिटुकलं आल्यावर चोर झालो.

आणि कॉम्प्रेसर कुणाचा? तर बाजूच्या गाळ्यातल्या पंक्चरवाल्याचा आणि माझा, दोघांत एक. तो जूचंद्रचा. भिंतीला भोक पाडून एक पाइप त्याच्याकडे, एक माझ्याकडे. म्हणजे बाईंनी काय पाहिलं? पंक्चरवाल्याकडून टायरमध्ये हवा भरायचा पाइप येतो, तो मी एका डबीत खुपसतो आणि डबी त्यांच्या एसीला जोडतो. खरं सांगायचं तर बघणाऱ्याचा समज व्हावा असंच ते दृश्य होतं. पण मी हे तेव्हा कबूल करणार होतो थोडाच!

“बाई,” मी म्हणालो, “ही हवा तुमच्या गाडीत जात नाही. इथून शिरते, इथून सुटते. जाताना आतली हवा ओढते.”

“हवा हवेला ओढते?”

“ओढते.”

“हात धरून?”

टपरीवर खसखस पिकली. भिंतीपलीकडून पंक्चरवाल्याने मुंडकं काढलं. “आवो बाय, मी सकालपासून सगल्यांना हवाच भरतो. मना तं कोन चोर नाय बोलत!”

“तू हवा सांगून हवा भरतोस,” बाई म्हणाल्या. “हा गॅस सांगून हवा भरतोय.”

भांडण नुसतं माझ्या इज्जतीचं असतं तर मी गिळलं असतं. पण दुसऱ्या दिवशी बाईंच्या भाचीचं लग्न होतं आणि केक बाईंचा होता. निवृत्तीनंतर बाई लग्नाचे केक करतात. तीन मजली, बटर आयसिंगचा, वर गुलाबाची फुलं, प्रत्येक पाकळी वेगळी. तो पापडीहून जूचंद्रच्या हॉलवर जायचा, मे महिन्यात, दुपारी, हायवेच्या ट्रॅफिकमधून. मागची सीट आडवी करून केक तिथे उभा, एसी पूर्ण, आणि गाडी चालवणाऱ्या बाई सोडून कुणाला आत प्रवेश नाही. “नवरी रिक्षाने आली तरी चालेल,” बाईंनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं, “केक एसीतून जाणार.”

म्हणजे समजा केक वितळला. समजा तिसरा मजला दुसऱ्यावर बसला आणि दुसरा पहिल्यावर. सगळं गणगोत हॉलमध्ये, आणि बाई माइकवर म्हणणार, ‘त्याने हवा भरली.’ बाईंचं वाक्य मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायरीवर पडलं की लोकांच्या स्कूटर सुरू व्हायच्या आत अर्नाळ्याला पोचतं. माझी निम्मी गिऱ्हाइकं त्या पायरीवरचीच. गाळ्याला कुलूप लावून मला मीठ पिकवायला जावं लागलं असतं. आणि वर हे कायमचं: शाळेतला तो, तो रे, बाईंना फसवणारा.

मी संतापलो. रागात मला बुद्धी सुचते असा माझा समज आहे. मी म्हणालो, “बाई, हे तुम्हीच शिकवलंय!”

“मी?”

“आठवीत. ग्लासात लाल पाणी, त्यात एक स्ट्रॉ उभी, दुसरी आडवी धरून तुम्ही फुंकर मारली. उभ्या स्ट्रॉमधून पाणी वर चढलं आणि फवारा उडाला. फुंकलीत तुम्ही हवा, ओढलं गेलं पाणी. हा पंप म्हणजे तीच स्ट्रॉ!”

बाई म्हणाल्या, “तुला कसं आठवतं? तू तर वर्गाबाहेर उभा असायचास.”

“बाहेरच होतो. तो फवारा खिडकीतून माझ्या शर्टावर उडाला. घरी आईने मारलं. म्हणून आठवतं!”

पुन्हा टपरी हसली. पण बाई हसल्या नाहीत. पर्समधून चष्मा काढला, लावला, आणि माझ्या मीटरसमोर उभ्या राहिल्या. नळ्यांच्या मध्ये एक मीटर असतो, त्याचा काटा शून्याच्या खाली गेला की समजायचं आत हवा उरत नाही.

“हा काटा कुठे जायला हवा?”

“खाली. अठ्ठावीसच्या आसपास. आणि तिथेच थांबायला हवा.”

“आता कुठे आहे?”

“अठ्ठावीसवर.”

“हं,” बाई म्हणाल्या. हा ‘हं’ मी ओळखतो. पेपर तपासताना लाल पेन थांबलं की तो यायचा.

एवढ्यात पाण्याचा टँकर आला. आमच्याकडे नळाला पाणी येवो न येवो, टँकर येतोच. त्याच्या सगळ्या टायरना हवा हवी. पंक्चरवाल्याने पाइप लावला आणि इकडे माझ्या पंपाचा फुत्कार सापाचा होता तो मांजराचा झाला.

“ए!” मी भिंतीवर हात आपटला. “टँकर थांबव! इथे व्हॅक्युम चाललाय!”

“दादा, टँकर थांबंल, पन पानी नाय थांबत. टाकी गलतंय त्याची!”

“मग बादली लाव!”

“बादली पन त्याचीच गलकी हाय!”

बाई शांतपणे म्हणाल्या, “म्हणजे त्याने टायर भरला की तुझं ओढणं बंद? मग हे यंत्र कसलं? उधारीवर श्वास घेणारं?”

इथे माझा तोल गेला. चोर म्हणा, चालेल. पण यंत्राला बोलायचं नाही. टपरीवरचे आता आठ झाले होते, एकाने तर वडापाव सोडून दोन पावलं पुढे येऊन जागा धरलेली. मी ठरवलं, ह्या सगळ्या जगाला आज एकदाच दाखवून द्यायचं. टँकरचं आटोपलं, पंपाला पुन्हा जोर आला. मी कॉम्प्रेसरच्या पाइपचं तोंड पकडलं आणि म्हणालो, “बघा! पाइप लावला की ओढतो. पाइप काढला,” आणि खटकन काढला, “की बंद! पाइपातून हवा येते ती ही, माझ्या तोंडावर! तुमच्या गाडीत नाही! कळलं? कळलं का सगळ्यांना?”

पाइप हातात, केस उडताहेत, मी टपरीकडे तोंड करून उभा. भाषण बरं झालं. वडापाववाल्याने मान डोलावली. फक्त मागून एक बारीक आवाज आला. तहानलेल्या माणसाने मोठा घोट घ्यावा तसा. घुटुक.

मी वळलो. काटा शून्यावर होता.

काय झालं ते इथे सरळ लिहितो, कारण इतक्या वर्षांत टपरीवर मी ते कधी सरळ सांगितलेलं नाही. हवेच्या पंपाचा नियम एकच: आधी मीटरजवळचा कॉक बंद करायचा, मगच हवा बंद करायची. तसं केलं नाही तर ज्या वाटेने हवा बाहेर जात होती त्याच वाटेने बाहेरची हवा आत धावते. मी कॉक बंद केला नव्हता. गाडीत हवा जात नाही, नाही, नाही, असं आठ माणसांना ओरडून सांगताना मी बाईंच्या गाडीत हवा भरली होती. तीही गोखिवऱ्याची. अर्धं पाणी, अर्धी धूळ, आणि थोडा वडापाव.

घाम फुटला. मेमधला नव्हे, परीक्षेतला. बाई चष्मा पुसत होत्या. निदान मला तसंच वाटलं. टपरीवरून काटा दिसत नव्हता. कबूल करायचं? आठ माणसांसमोर? ‘बाई, तुम्ही म्हणालात तेच झालं’? माझी जीभ टाळूला चिकटली. आणि ती सुटली तेव्हा तिने काय करावं, तर खोटं बोलावं.

“बाई,” मी हसत म्हणालो, “तुमची गाडी आहे म्हणून मी दुसऱ्यांदा व्हॅक्युम मारतो. स्पेशल.”

“दुसऱ्यांदा कशाला? अठ्ठावीस झालं होतं ना?”

“भिंतीला रंगाचे दोन हात देतात ना, तसं.”

“हं,” बाई म्हणाल्या आणि माझं लाकडी स्टूल ओढून मीटरसमोर बसल्या.

पण खोट्यानंतरचं सगळं मी खरं केलं, हे नोंदवून ठेवा. पंक्चरवाल्याला सांगितलं, तासभर एक टायर भरायचा नाही, सायकलचासुद्धा नाही. तो म्हणाला, “दादा, मंग मी काय करू?” मी म्हणालो, “बस, प्रार्थना कर.” तो बसला. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं साठलेलं पाणी मी काढून टाकलं. मग पंप लावला आणि पाऊण तास चालवला. कॉम्प्रेसर इतका तापला की टपरीवाल्याने त्यावर चहा ठेवायची परवानगी मागितली. काटा अठ्ठावीसवर गेला. मग कॉक बंद केला. आधी कॉक! तीनदा हात लावून बघितला. मग हवा बंद केली. मग अर्धा तास काही करायचं नाही, काटा हलतो का ते फक्त बघायचं. गळती राहिली असेल तर तो वर सरकतो. तो हलला नाही. बाईही हलल्या नाहीत. मीटरकडे बघत बसल्या, जसं वर्गात शेवटच्या बाकाकडे बघायच्या. मग वजनकाट्यावर तोलून गॅस भरला, कंपनीच्या आकड्याप्रमाणे, ना कमी ना जास्त.

एसी लावला. थंडी अशी की गाळ्यातल्या सगळ्या माश्या गाडीत जाऊन एकमेकींना बिलगून बसल्या. बाईंनी पदर खांद्याभोवती लपेटून घेतला. ‘छान’ म्हणाल्या नाहीत. बाई कधीच म्हणत नाहीत. “उद्या कळेल,” म्हणाल्या आणि गेल्या.

उद्या कळेल! म्हणजे इतकं सगळं करून मी अजून आरोपीच. दुसऱ्या दिवशी दुपारी मी लग्नाला गेलो तो कोट घालून गेलो. हॉलच्या दारात उभा राहिलो. वरातीला वेळ होता, नवरी आली, नवरा आला, बँडवाले आले, बाईंच्या गाडीचा पत्ता नाही. हायवेला ट्रेलर बंद पडला होता. पाऊण तास! मी मनातल्या मनात त्या गाडीतल्या प्रत्येक नळीशी बोललो. आत एक थेंब राहिला असेल तर आत्ता गोठत असेल, वाट तुंबत असेल, गुलाबाची पहिली पाकळी घसरत असेल. आणि तो थेंब माझा. बाईंच्या आरोपाचा नव्हे, माझ्या भाषणाचा.

गाडी आली. चौघांनी केक उतरवला. तीन मजले, तिन्ही उभे. पाकळ्या अशा ताठ की त्यावर बसायला आलेली माशी घसरून पडली. पहिला तुकडा कापताना नवऱ्याला दोन्ही हातांनी जोर लावावा लागला, आणि सुरी वाकली हे मी शपथेवर सांगायला तयार आहे, फक्त बायबल आणू नका.

मग बाईंनी माइक घेतला.

“काल मी एका विद्यार्थ्याला सगळ्यांसमोर चोर म्हणाले,” बाई म्हणाल्या. “तो चोर नाही. त्याचं काम चोख आहे. सगळ्यांसमोर म्हणाले, म्हणून सगळ्यांसमोर सांगते.”

टाळ्या. लोक माझी पाठ थोपटायला लागले. दोघांनी तिथेच आपल्या गाड्यांचे एसी कसे बिघडलेत ते सांगितलं. माझं नाव त्या पायरीवर आता असं उजळणार होतं की मला दुसरा गाळा घ्यावा लागला असता. केकची प्लेट मी तशीच बाजूला ठेवली. मला भयंकर राग आला. माझ्यावर, बाईंवर, त्या पिटुकल्या पंपावर, त्या टँकरवर. चोर म्हणाल्या तेव्हा त्या चुकल्या होत्या. पण हवा म्हणाल्या तेव्हा? आणि आता माफी मागून माझ्याकडून ते बोलायची सोयही काढून घेतली!

जेवणं झाल्यावर बाई एका टेबलाशी एकट्या बसल्या होत्या, पाय खुर्चीवर ठेवून. मी जाऊन समोर उभा राहिलो. शाळेत उभा राहायचो तसाच, हात मागे.

“बाई,” मी म्हणालो, आणि आवाज माझा मलाच ओरडल्यासारखा ऐकू आला, “काल मी कॉक बंद केला नव्हता. पाइप काढला तेव्हा तुमच्या गाडीत हवा शिरली. दुसरा हात वगैरे काही नसतं. मी खोटं बोललो. पण चूक निम्मी तुमची आहे! तुम्ही मला चोर म्हणाला नसता तर मी पाइप काढलाच नसता!”

बाईंनी प्लेटमधली केकची शेवटची चूर बोटाने टिपली, खाल्ली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “माहीत आहे. काटा माझ्यासमोर होता. बस खाली.”